दक्षिणेकडे तोंड केलेलं घर

१

घर चुकीच्या दिशेला तोंड करून बसलंय हे बेन्सन तुस्कानोच्या पहिल्याच सकाळी लक्षात आलं, आणि त्याला हसू आलं.

ऑस्ट्रेलियात, सिडनीपासून दूर, बॉवरलच्या पुढच्या थंड, डोंगराळ भागात ॲशकोम हॉल नावाचं ते दगडी मॅनर हाऊस, म्हणजे जमीनदारी थाटाचा वाडा, उभं होतं. बांधणारा ॲशकोम इंग्लंडातल्या एका जमीनदाराचा धाकटा मुलगा. तिकडच्या रिवाजाप्रमाणे बापाचं घर थोरल्याला गेलं आणि धाकट्याच्या हाती भोपळा आला. इकडे येऊन तो लोकरीच्या धंद्यात गब्बर झाला, आणि मग त्याने बापाच्या घराचे नकाशे मागवून हुबेहूब तसं घर इथे उठवलं. तोच उंच छताचा ग्रेट हॉल, त्याच दगडी पट्ट्यांच्या खिडक्या, भिंतींवर तीच कोरीव ओकची पॅनेलं. फक्त एका बाबतीत गडी फसला. इंग्लंडात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून तिकडच्या घराचं तोंड दक्षिणेला. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेने फिरतो. नकाशात दक्षिण होती, म्हणून यानेही दक्षिणच ठेवली. तेव्हापासून त्या ग्रेट हॉलमध्ये कधी कवडसा म्हणून पडला नव्हता आणि मागची धुणीभांड्यांची खोली मात्र दिवसभर उबदार असायची.

बेन्सन सिडनीच्या पॅरामॅटा भागातल्या एका कंपनीत जुन्या इमारतींचा आर्किटेक्ट होता. ॲशकोम हॉलच्या मालकांना तिथे हॉटेल करायचं होतं, त्याआधी घराची मोजमापं, इतिहास आणि डागडुजीचा अहवाल हवा होता. महामारीचं दुसरं वर्ष. बायको जॅनेट कोविड वॉर्डात नर्स, दिवसरात्र शिफ्ट. क्वेकर्स हिलच्या आपल्या रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून तो मे महिन्यात बाडबिस्तरा घेऊन तिथेच राहायला आला.

मोजता मोजता त्याला फायरप्लेसशेजारची भिंत नको तितकी जाड लागली. त्याने पॅनेलवरचं एक कोरीव फूल दाबलं आणि फळी आत सरकली. मागे कपार होती, एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी. इंग्लंडात कॅथलिक पाद्र्यांची धरपकड व्हायची त्या काळात श्रद्धाळू घरांनी त्यांना लपवायला अशा जागा केल्या होत्या. आतल्याला बाहेरची प्रार्थना ऐकू यावी म्हणून कोरीव कामात एक बारीक फट ठेवलेली असे. ऑस्ट्रेलियात पाद्र्यांच्या मागे कोणीच लागलं नव्हतं. नकाशात कपार होती, म्हणून बांधली. आतून उघडायची कडी नकाशात दाखवायची राहिली होती, म्हणून ती बसवलीच नाही.

बेन्सनने अहवालात लिहिलं की हॉटेलात येणारी मुलं आत अडकतील, ही जागा विटा लावून बुजवावी. मालकांनी लगेच विटा आणि चुना पाठवून दिला. गवंडी सवडीने येणार होता.

२

एल्सा त्यांची एकुलती मुलगी. ती पाच वर्षांची असताना बेन्सनची आई डोरीन सिडनीला आली होती. परतताना नातीला काही आठवड्यांसाठी वसईला, भुईगावला घेऊन गेली. मागोमाग बेन्सन आणि जॅनेट जाणारच होते. तेवढ्यात जगाची दारं बंद झाली. दीड वर्ष होत आलं, पोर तिकडे आणि आईबाप इकडे. एवढ्या लहान मुलीला एकटीला विमान घेत नव्हतं, आणि आणायला जावं तर देशाबाहेर पडायची परवानगी नाही. आता तर भारतातून येणारी विमानंच बंद केली होती, आपल्याच नागरिकाने तिथून परत येणं हा गुन्हा ठरवला होता. बेन्सनने खासदारापासून फादरपर्यंत सगळ्यांचे उंबरठे झिजवले. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली. भुईगावात तर घराघरांत ऑक्सिजनची शोधाशोध चालू होती.

राहिली होती ती रोझरी. लहानपणापासून संध्याकाळची जपमाळ घरात चुकली नव्हती. आता घड्याळाच्या फरकामुळे इकडे अंधार पडायचा तेव्हा तिकडे भर दुपार असायची, तरी डोरीन जेवणं उरकून नातीला घेऊन फोनसमोर बसायची. मॅनरमध्ये नेटवर्क काय ते ग्रेट हॉलच्या फायरप्लेसपाशीच यायचं. बेन्सन तिथे खुर्ची टाकून पुढाकार घ्यायचा. ‘नमो मरिये’ हा प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तो म्हणायचा, ‘पवित्र मरिये’ हा दुसरा अर्धा भाग पलीकडून यायचा. एल्साला भारी घाई. डॅडाचे शेवटचे शब्द संपायच्या आत ती मध्येच तोडून सुरू व्हायची. डोरीन रागवायची, बेन्सनला ते फार आवडायचं. पण वसईचा आवाज सिडनीला पोहोचेपर्यंत थोडा वेळ जायचा, आणि ती घाई वाटेतच विरून जायची. पोर तोडतेय हे त्याला नुसतं माहीत असायचं, ऐकू येत नसे.

एका संध्याकाळी ते ऐकू आलं. त्याचं वाक्य संपायच्या आत एल्साने तोडलं, अगदी शेजारी बसल्यासारखं. बेन्सनला भरून आलं. आज लाइन काय मस्त लागलीय, असं मनात म्हणत तो डोळे मिटून मण्यामागून मणी सरकवत राहिला. माळ संपली तेव्हा त्याने आईला हाक मारली. उत्तर नाही. त्याने फोन उचलला. कॉल केव्हाच तुटला होता. आईचा मेसेज येऊन पडला होता की इथे वीज गेली, पहिल्या दहा मण्यांनंतर काही ऐकू आलं नाही.

उरलेल्या माळेला उत्तर दिलं कोणी?

३

बेन्सन विचार करणारा माणूस होता. जुन्या घरात धुराड्यांतून आवाज फिरतात, हे त्याला शिकवलेलं होतं. फोन कधी कधी अडकलेला आवाज मागाहून सोडतो. आणि ज्याचं पोर दीड वर्ष दूर आहे त्याच्या कानांवर तरी किती भरवसा ठेवायचा? ही तीन कारणं त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितली की शेवटी एकही खरं वाटेना. टॉर्च घेऊन त्याने कपार उघडली. आत कोरडी धूळ होती, तिच्यावर कसलाही ठसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन मुद्दाम स्वयंपाकघरात बंद करून ठेवला आणि खुर्चीत एकटाच बसला. एकट्याने म्हणायची तर जपमाळ दोन्ही भागांसकट म्हणतात. पण जन्मभराची सवय. पहिला अर्धा भाग म्हणून तो थांबला, दुसऱ्यासाठी जागा सोडून.

खरं तर थांबायलाही मिळालं नाही. भिंतीतून, त्या बारीक फटीतून, घाईघाईचा आवाज आला आणि त्याचे शेवटचे दोन शब्द तोडून पुढे धावला.

भीती वाटायला हवी होती. बेन्सन रडला. कितीतरी महिन्यांनी ती त्याच्याजवळ होती, हाताच्या अंतरावर. त्याने माळ पुरी केली. शेवटी हेतू सांगायचा असतो, कशासाठी प्रार्थना केली ते. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ‘माझी मुलगी इकडे आण. कशीही आण, पण आण.’

त्यानंतर रोजचाच नेम झाला. आधी फोनवरची रोझरी तो कशीबशी उरकायचा, मग फोन ठेवून खरी रोझरी भिंतीपाशी. फोनवर मात्र एल्साचा आवाज ऐकूच येईनासा झाला. तो नुसत्या आईचाच यायचा. त्याने विचारलं तेव्हा डोरीन म्हणाली, की पोरगी हल्ली गप्प बसून असते. ‘का नाही म्हणत विचारलं तर म्हणते, मी म्हटली डॅडाबरोबर. कधी म्हटलीस, तर म्हणते, अंधारात.’ मग आवाज खाली आणून तिने विचारलं, ‘बेन्सन, तू तिला वेगळा फोन करतोस का रे?’

हो, असं बेन्सनने सांगून टाकलं.

४

आणि खरोखरच ती आली. विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा जॅनेटच्या हॉस्पिटलातली लीना नावाची नर्स, जी स्वतःच ठाण्यात अडकली होती, तिला परतीची जागा मिळाली आणि ती एल्साला सोबत घेऊन यायला तयार झाली. तोवर सिडनीत लॉकडाऊन लागला होता. हॉटेलातलं क्वारंटाइन संपेपर्यंत बेन्सन आणि जॅनेट खालच्या फूटपाथवरून हात हलवत. वरच्या काचेआडून एक छोटी आकृती हात हलवायची.

घरी आली तेव्हा ती उंच झाली होती, दोन दात पडले होते. जॅनेटने तिला असं कवटाळलं की पोर घुसमटली. संध्याकाळी तिघं क्वेकर्स हिलच्या घरात अल्तारासमोर, क्रूस ठेवलेल्या छोट्या देव्हाऱ्यापाशी बसले, फोनवर पलीकडे डोरीन. बेन्सनने सुरुवात केली. त्याचं वाक्य संपलं. एल्साने ते संपू दिलं, मग शांतपणे, स्पष्ट शब्दांत, दुसरा भाग म्हटला. पुढच्या मण्यालाही तसंच. एकदाही तिने तोडलं नाही.

आजीने वळण लावलं, मूल मोठं झालं, असं बेन्सनने मनाशी म्हटलं. मग शेवटी तिने क्रूसाची खूण केली. डाव्या हाताने, सगळी उलटी. कपाळ, छाती, मग आधी उजवा खांदा आणि नंतर डावा.

जेवताना चमचाही तिने डाव्या हातात धरला. बेन्सन म्हणाला की फोनमध्ये बघून शिकली असेल, समोरच्याचं उलटं दिसतं ना. जॅनेटने फक्त वाटी एल्साच्या डावीकडे सरकवली.

रात्री तो पोरीच्या खोलीत पांघरूण घालायला गेला तर ती जागी होती. ती म्हणाली, ‘डॅडा, आर यू गोइंग बॅक टू दॅट हाऊस?’

अहवाल पुरा करायचाय, असं त्याने सांगितलं.

‘डोन्ट प्रे देअर,’ ती म्हणाली आणि भिंतीकडे कूस वळवली.

५

तो गेला. न जाणं त्याला शक्यच नव्हतं. मुलगी घरी आलीय, मग भिंतीत कोणी असता कामा नये, एवढीच खात्री करायची आणि परत यायचं, असं ठरवून गेला. जुलैची थंडी हाडांत शिरत होती. ग्रेट हॉल तिन्हीसांजेला विहिरीसारखा गार पडला होता. खुर्चीत न बसता, उभ्यानेच त्याने ‘नमो मरिये’ म्हटलं.

तिने तोडलं. तीच घाई, तोच धापा टाकणारा शेवट. इतक्या दिवसांनी आला म्हणून आवाजात रडं दाटलं होतं.

बेन्सनने फळी सरकवली. कपार रिकामी. धुळीवर बोट फिरवलं तर फक्त त्याच्याच बोटाची रेघ उमटली. फळी लावली, पुन्हा म्हटलं, पुन्हा उत्तर आलं. उघडी असली की तिथे कोणी नाही, बंद असली की ती आहे. मग त्याने फळी बंद ठेवून कोरीव पानांमधल्या त्या फटीला डोळा लावला आणि टॉर्चचा उजेड बाजूने आत सोडला. माळ संपत आली होती. शेवटचं आमेन झालं.

उजेडाच्या पट्टीत एक हात वर आला. लहान, मळका, नखं वाढलेला. उजवा हात. कपाळ दिसलं नाही, चेहरा दिसला नाही. हात वर अंधारात गेला, खाली आला, मग डाव्या खांद्याकडे, मग उजव्या. घाईघाईने, अर्धवट, माळ टाकून खेळायला पळायचं असल्यासारखी केलेली खूण. त्यानेच शिकवलेली.

त्यानंतर बेन्सन घरी गेला नाही. लॉकडाऊन कडक झालाय, रस्त्यावर पोलीस अडवतात, काम अडलंय, अशा सबबी तो सांगत राहिला. पॅनेल कुठून फोडता येईल हे शोधत त्याने अर्धी भिंत उघडी केली. मागे नुसता दगड. मोजमापं पुन्हा पुन्हा घेतली. ती दरवेळी बरोबर यायची, आणि त्यानेच तो हवालदिल झाला. कुठे चूक सापडली असती तर त्या चुकीत हात घालून पोर बाहेर काढली असती. दिवसा तो भिंतीला डोकं टेकून बसायचा आणि सांगायचा की बेटा, डॅडा आहे इथे. माळेखेरीज ती बोलायची नाही. अंधार पडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

जॅनेटचे फोन येत होते. एल्सा जेवत नव्हती. रोज इकडे अंधार पडला की तिचे हातपाय गार पडायचे आणि ती म्हणायची, ‘ही इज विथ हर अगेन.’ हा ‘ही’ कोण आणि ‘हर’ कोण, हे जॅनेटने एकदाही विचारलं नाही.

६

एका दुपारी गाडीचा आवाज आला. पोलिसांची आणि दंडाची पर्वा न करता जॅनेट क्वेकर्स हिलहून निघून आली होती. अंगात हॉस्पिटलचा गणवेश तसाच होता, अडवलं तर कार्ड दाखवायला. मागच्या सीटवर एल्सा, दोन ब्लँकेटांत गुंडाळलेली, ओठ फिके पडलेले.

जॅनेट हॉलमध्ये आली. उघडी पडलेली भिंत, टॉर्च, जमिनीवरची गादी बघून ती दारातच थांबली. बेन्सनने तिला सगळं सांगितलं, फटीतला हात, उजवा हात, घाई. तिने वेड लागलंय का असं विचारलं असतं तर त्याला सुटल्यासारखं वाटलं असतं.

‘दिसतं मला,’ जॅनेट म्हणाली. ‘पहिल्या दिवसापासून दिसतंय. आई आहे मी तिची. मला नाही बघायचं, बेन्सन. मी दीड वर्ष वॉर्डात रोज दुसऱ्यांची माणसं पिशवीत बांधलीत. माझ्या दारात एक मूल आलंय, मला मम्मा म्हणतं, रात्री माझ्या कुशीत झोपतं. तू तिला मोजून बघू नकोस.’

‘आणि आतली?’

जॅनेट तोंडावरचा मास्क डोळ्यांपर्यंत ओढून रडली.

एल्सा गाडीतून उतरून केव्हा मागे येऊन उभी राहिली ते दोघांना कळलं नाही. तिने फायरप्लेसकडे पाहिलं, घर ओळखीचं असल्यासारखं, आणि बापाचा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी होती.

‘क्लोज इट, डॅडा,’ ती म्हणाली. ‘प्लीज. आय कान्ट गो बॅक इन.’

बेन्सनने त्या हाताकडे पाहिलं. लहान हात होता. ही जर उभ्या उभ्या संपली तर? कपारीत कोणी आहे की नाही हे तो कधीच सिद्ध करू शकणार नव्हता. ही मात्र समोर होती आणि गार पडत चालली होती.

त्याने जॅनेटला सांगितलं की हिला गाडीत घेऊन बस, हीटर चालू ठेव. मग अंगणातल्या विटा आत आणल्या, चुना कालवला. फळी उघडून शेवटची हाक मारली. ‘एल्सा, बाहेर ये. ये बेटा, डॅडा उचलून घेतो.’ बराच वेळ तो हात पसरून उभा राहिला. धुळीतून काहीच आलं नाही. त्याने विटा रचल्या. हात सराईत होते, भिंत सरळ आली. फळी लावली. राहिली ती फट.

त्याने प्रार्थना सुरू केली नव्हती. तोंड घट्ट मिटून तो थापीवर चुना घेत होता. तरी आतून तिने सुरू केलं. त्याचा अर्धा भाग नसतानाच, नुसतं आपलं उत्तर, एकामागून एक, श्वास न घेता. तो म्हणायला विसरला असेल, आपण म्हणत राहिलो तर त्याला आठवेल, असं पोराला वाटावं तसं. बेन्सनने फट भरली. मग अंगठ्याने दाबून भरली. मग कान लावला, आणि ऐकू येईनासं होईपर्यंत भरतच राहिला.

७

एल्सा वाटेतच सुधारली. अर्ध्या रस्त्यात तिने चिप्स मागितल्या. आता ती शाळेत जाते, डाव्या हाताने सुंदर अक्षर काढते. टीचर म्हणतात की शी इज सो पेशंट, कधी घाई करत नाही. मॅनर हाऊसचं हॉटेल झालं. ग्रेट हॉल फारच थंड म्हणून पाहुणे मागच्या खोल्याच मागतात असं बेन्सनच्या कानावर आलं. तो तिकडे पुन्हा गेला नाही.

संध्याकाळी अंधार पडला की तिघं अल्तारासमोर बसतात. जॅनेट डोळे मिटून घेते. एकदा एल्साने मध्येच मान वळवून विचारलं होतं, ‘तू नीट बंद केलंस ना, डॅडा?’ तो हो म्हणाला होता.

बेन्सन हल्ली पहिला अर्धा भाग फार सावकाश म्हणतो. डोरीन फोनवरून कुरकुरते की बाबा, इतका का रेंगाळतोस, माझी कामं खोळंबलीत. तरी तो रेंगाळतो. शेवटच्या दोन शब्दांपाशी येतो आणि ते लांबवतो, जमेल तेवढे लांबवतो, कोणीतरी तोडेल म्हणून.

एल्सा हात जोडून, त्याचं संपेपर्यंत थांबते.